खेळण्याला लायसन लागत नाही

मला आजवर सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "कितवीला हाय गं?" मी चौतीस वर्षांची आहे, पाटोद्याच्या एका सरकारी कचेरीत लिपिक आहे आणि माझी उंची तीन फूट पाच इंच आहे. या तिन्ही गोष्टी एका दमात सांगून टाकलेल्या बऱ्या. नाहीतर लोक तिसरी बघतात, तिच्यावरून पहिली ठरवतात आणि दुसरी त्यांना खरीच वाटत नाही.

आमचं गाव पाटोद्यापासून अकरा किलोमीटरवर, मध्ये डोंगराचा एक चढ. नोकरी लागल्यापासून पाच वर्षं माझा धाकटा भाऊ मला रोज मोटरसायकलवर नेऊन सोडायचा आणि संध्याकाळी घ्यायला यायचा. सोडायचा म्हणजे काय, तर घरी काखेत हात घालून मला उचलायचा, मागच्या सीटवर ठेवायचा आणि कचेरीच्या दारात तसंच उचलून खाली ठेवायचा. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे बघायचे. भाऊ गुणाचा आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पावणेदहाला दारात उचलून ठेवलेली बाई दहा वाजता खुर्चीत बसून चांगल्या सहा फुटी माणसाला 'अर्ज अपुरा आहे, उद्या या' म्हणते, तेव्हा तो माणूस हसू दाबत असतो हे मला दिसायचं. मग मी त्याचा अर्ज आणखी नीट तपासायची.

दोन वर्षांपूर्वी भावाला चाकणच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली. तीन महिन्यांनी हजर व्हायचं होतं. घरात पेढे आले आणि पेढा तोंडात असतानाच आईनं विचारलं, "मंग ताईचं काय?"

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उत्तर तयारच ठेवलं होतं. "ताईनं आता घरी बसावं. लई झाली दगदग. पोटापुरतं हाय की घरात."

मला कुणी विचारलं नाही. आमच्या घरात महत्त्वाचं बोलणं उभ्यानं होतं आणि ते सगळं माझ्या वरच्या हवेत चालतं. भाऊ म्हणाला, "मग मी न्हाई जात. पुढच्या साली बघू." तो हे कुरकुरत म्हणाला असता तर मला एवढं लागलं नसतं. तो सरळ मनानं म्हणाला. मी रागावले की माझा आवाज बारीक होतो. त्या बारीक आवाजात मी सांगितलं की मी नोकरी सोडणार नाही आणि तोही चाकणला जाणार.

"मंग तू जाशील कशी?" अण्णा म्हणाले.

ते मला तेव्हा माहीत नव्हतं. एसटीची पहिली पायरी माझ्या छातीला लागते आणि आमच्या गावाला येणारी गाडी दुपारची. काळीपिवळी जीपनं मी एकदाच गेलेय. ड्रायव्हरनं मला ना विचारलं ना सांगितलं, उचललं आणि पुढच्या सीटवरच्या एका बाईच्या मांडीवर बसवलं. बाई मायाळू होती. तिनं पाटोद्यापर्यंत मला घट्ट धरून ठेवलं आणि उतरताना लिमलेटची गोळी दिली. त्या दिवसापासून मला जीप बंद.

पाटोद्यात बाजाराच्या रस्त्याला एका चाचांचं गॅरेज आहे. चाचा मोटरसायकली दुरुस्त करतात, पण त्यांचा हातखंडा फवारणीच्या पंपांचा. पाठीवर घ्यायचे ते पेट्रोलचे पंप. कपाशीच्या दिवसांत त्यांच्या दारात पंपांची रांग लागते. भावाची गाडी तिथंच दुरुस्तीला असायची, त्यामुळं माझीही तिथं ओळख. त्या आठवड्यात बाजारच्या दिवशी भावाबरोबर घरी जाताना दुकानापुढं गर्दी दिसली. चाचांनी एक मोटरसायकल बनवली होती, गुडघ्याएवढी. मोडक्या पंपाचं इंजिन, लहान पोरांच्या सायकलची चाकं, पाइप वाकवून केलेली चौकट आणि वर चक्क लाल रंगाची टाकी. दोरी ओढली की सुरू व्हायची. गिऱ्हाईक दुकानापुढं थांबावं म्हणून केलेला तो खेळ होता. चांगले मिशीवाले बाप्ये गुडघे कानाला लावून तिच्यावर बसत होते आणि फोटो काढून घेत होते.

गर्दी पांगल्यावर चाचा मला म्हणाले, "बाई, तुम बी बैठ के देखो ना. कुछ नै होता."

मी बसले. आणि माझे दोन्ही पाय जमिनीला टेकले.

यात काय विशेष, असं कुणालाही वाटेल. खुर्ची, बाज, शाळेचा बाक, दवाखान्यातलं स्टूल, मोटरसायकलची सीट, आयुष्यभर मी जिथं जिथं बसले तिथं माझे पाय लोंबत राहिले. टाचा टेकवून, पोटऱ्यांत जोर घेऊन मी कधी बसलेच नव्हते. मला रडू येत होतं, पण समोर भाऊ आणि चाचा होते, म्हणून मी दोरी ओढली.

चाचांच्या दारापासून बाजाराच्या ओट्यापर्यंत जाऊन आले. उतरले आणि विचारलं, "इकायची हाय का?"

"ये तो खिलौना है, बाई."

"हिला लायसन लागतं का?"

"नै. पच्चीस सीसी तक सब माफ. पंप का इंजन है, पच्चीस का. सरकार इसको गाडीच नै मानती."

मी कुणाच्या तोंडी शब्दावर काही करणाऱ्यांतली नाही. कचेरीत जाऊन कायदा शोधला आणि वाचला. चाचा खरं सांगत होते. चारपेक्षा कमी चाकं आणि पंचवीस सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर ते कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नाही. नंबर नको, लायसन नको. मी चाचांकडून ती विकत घेतली आणि भावाला सांगितलं, "तू कपडे भरायला लाग."

पुढचे अकरा दिवस मी त्या गाडीवर कचेरीत गेले. भावानं शेजारून आपली मोटरसायकल चालवून माझा वेग मोजला. सपाटीला बत्तीस, उताराला चाळीसच्या पुढं, आणि तेव्हा हँडल असं थरथरायचं की दात वाजायचे. चढावर चौदा. अगदी खड्या जागेला दोन्ही पायांनी जमीन रेटत वर न्यायची. चढावर गावातले मास्तर सायकलवरून मला ओलांडून जायचे आणि जाताना घंटी वाजवायचे. कुत्री माझ्या तोंडाच्या उंचीवरून भुंकत पळायची. मोठ्या गाड्यांना मी दिसावी म्हणून भावानं मागं वेताची काठी उभी केली आणि उसाच्या ट्रॉलीला बांधतात तसं लाल फडकं तिला बांधलं. मी रोज कचेरीच्या दारात पोचायची, पाय टेकवायची आणि आपल्या आपण उतरायची. अकरा दिवसांत साहेबांनी त्यावर एक शब्द काढला नाही, पण शिपाई मला पहिल्यांदाच 'मॅडम' म्हणाला.

बाराव्या दिवशी पाटोद्याच्या अलीकडच्या फाट्यावर हवालदारांनी हात केला.

माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं. माझं डोकं पूर्ण मापाचं आहे, त्यामुळं हेल्मेटही पूर्ण मापाचं, आणि खालची मी तेवढी लहान. लांबून कसं दिसत असेल ते मला कळतं.

"ए पोरी, उतर खाली. बाप कुठं हाय तुझा?"

मी काच वर केली आणि वय सांगितलं. त्यांनी ते ऐकलंच नाही. "लेकरांच्या हातात गाड्या देतेत आन मंग रडत बसतेत. बापाचा नंबर सांग." मी आधार कार्ड काढेपर्यंत त्यांनी माझ्या मागून येणाऱ्या, आमच्याच गावच्या दूधवाल्याला थांबवून अण्णांचा नंबर मिळवला होता.

वीस मिनिटांत अण्णा भावाच्या मागं बसून आले. तोवर फाट्यावर दहाबारा माणसं जमली होती. हवालदारांच्या हातात माझं आधार कार्ड होतं, ते एकदा कार्डाकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होते. त्यांना पटत आलं होतं. आणखी एक मिनिट गेलं असतं तर त्यांनी बहुतेक मला अहोजाहो केलं असतं. पण अण्णा गाडीवरून उतरले आणि त्यांनी हात जोडले.

"लेकरूच हाय साहेब ते. जाऊ द्या."

मला सोडवण्यासाठी माझ्या बापानं मला लेकरू केलं, तेही सगळ्या फाट्यासमोर. मी अण्णांवर आयुष्यात एवढी कधी चिडले नाही. आणि चिडून बोलताही येईना, कारण त्यांचे हात अजून जोडलेलेच होते.

"लेकरू न्हाई," मी हवालदारांना म्हटलं. "कार्ड वाचलंय तुमी. आन या गाडीला लायसन लागत न्हाई. पंचवीस सीसी हाय." आणि कायद्याचं कलम सांगितलं.

हवालदार तसे सज्जन होते आणि शेतकऱ्याच्या घरातले असावेत. कारण ते वाकले, इंजिनावरचा धुरळा अंगठ्यानं पुसला आणि तिथली पत्र्याची पट्टी वाचली. पंप घेताना सगळेच ती वाचतात, फवारणीला लागल्यावर कुणी वाचत नाही.

"पंचवीस पॉइंट सहा लिहिलंय, मॅडम."

मी वाचलं. पंचवीस पॉइंट सहाच होतं. आमच्याकडं पंपाला सगळे पंचवीसचा पंपच म्हणतात. चाचांनी तेच मला सांगितलं, आणि लोकांच्या अर्जातला एकेक काना तपासणारी मी, ज्या गाडीवर बसत होते तिच्यावरची पट्टी मी वाचली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हवालदारांनी दंड केला नाही. "पॉइंट सहा का होईना, जास्त हाय," ते म्हणाले. "रोडवर आणू नका. कुणी उडवलं तर इमा न्हाई, कागद न्हाई, कायबी न्हाई. बीडला जाऊन इचारा." लाल फडकं लावलेली गाडी भावानं ढकलत चाचांकडं नेली. मी त्या दिवशी त्याच्या मागं बसून घरी गेले. उचलून ठेवताना दोघंही एकमेकांकडं बघत नव्हतो.

चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "पॉइंट के बाद कौन देखता, बाई?"

"मी बघते," मी म्हटलं. पण ते खरं झालं ते त्या दिवसापासूनच.

रजा टाकून मी बीडच्या परिवहन कार्यालयात गेले. तिथले निरीक्षक निवृत्तीला आलेले, कानावर पेन्सिल ठेवणारे. त्यांनी मला बसायला सांगितलं, मी उभीच राहिले. भावानं गाडीचे फोटो दाखवले. निरीक्षकांनी शांतपणे समजावून सांगितलं. पंचवीसच्या आत असती तर ती वाहन नसती, त्यांना काही बघायचंच नव्हतं. आता ती वाहन आहे, पण कुठल्या कारखान्याची, कुणी तपासली, कुणी मंजूर केली? ब्रेक सायकलचे आणि वेग चाळीसचा. अशा गाडीला नंबर मिळत नाही म्हणजे नाही.

"मग पंचवीसच्या आतलं इंजिन बसवलं तर?"

"तर मग खेळणं झालं, ताई. खेळण्याला लायसन लागत नाही. कुणी तुम्हाला विचारणार नाही. नाहीतर बॅटरीची घ्या, अडीचशे वॅटच्या आतली. तिचा वेग पंचवीसच्या पुढं जात नाही, तिलाही काही लागत नाही."

त्यांनी हे माझ्या सोयीसाठीच सांगितलं. दुसरी कुणी असती तर आनंदानं घरी गेली असती. बॅटरीची गाडी मी पुढच्याच गल्लीतल्या दुकानात बघितली. तिच्यावर बसले तर पाय पुन्हा लोंबले, आणि आमच्या चढाचं नाव काढल्यावर दुकानदारच नको म्हणाला. पण खरं कारण ते नव्हतं. कुणी विचारणार नाही, हे मला नको होतं. मला कुणी विचारत नाही म्हणूनच तर मी बाईच्या मांडीवर बसले होते. मला असं वाहन हवं होतं की ज्यासाठी हवालदारानं थांबवावं, लायसन मागावं आणि मी ते दाखवावं.

दुकानातून मी पुन्हा निरीक्षकांकडं गेले. "मला लायसन पाहिजे," मी म्हटलं.

"मग आधाराच्या चाकांची करा. आमच्याकडं दिव्यांगांच्या स्कूटर येतात, मागं दोन जादा चाकं लावलेल्या. लगेच होईल."

"माझे पाय धड आहेत, साहेब. फक्त आखूड आहेत. मला जादा चाकं नकोत, गाडी खाली पाहिजे."

त्यांनी पहिल्यांदा पेन्सिल कानावरून काढली. "असं आजवर कुणी मागितलं नाही."

"मागता येतं का?"

ते म्हणाले, "रजिस्टर झालेली गाडी असेल, आणि ज्याला चालवायची त्याच्यासाठी बदल करायचा असेल, तर परवानगी मागता येते. अर्ज करा."

एवढंच मला ऐकायचं होतं. अर्ज कसा लिहायचा हे मला कुणी शिकवायची गरज नाही. त्याच कार्यालयाच्या व्हरांड्यात, पायरीवर कागद ठेवून मी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, सोबत जोडलेली कागदपत्रं, सगळं. दोन प्रती. एक आत दिली, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. ज्याच्या हातात पोच नाही त्याचा अर्ज दिलेला नसतो, हे मी रोज लोकांना सांगते. त्या दिवसापासून दर सोमवारी मी फोन करून तो क्रमांक सांगायची आणि विचारायची, कुठवर आलं. तिसऱ्या सोमवारी पलीकडचा माणूस मी नमस्कार म्हणायच्या आधीच म्हणाला, "झालंय मॅडम, सही झालीय."

मावशीच्या घरी एक जुनी बिनगियरची मोपेड धूळ खात पडली होती. ती माझ्या नावावर झाली आणि चाचांच्या दारात गेली. तिथं खरा वाद झाला. चाचांची रीत म्हणजे कापा आणि वेल्डिंग करा. परवानगीत लिहिलं होतं की मूळ चौकट कापायची नाही. चाचा वैतागले. "बगैर वेल्डिंग के गाडी कैसी नीची होती? ये क्या खाट है, बाई, रस्सी ढीली करी के नीचे आ गई?" मी रोज कचेरी सुटली की तिथं जाऊन परवानगीचा कागद वाचून दाखवायची. त्यांनी चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी त्यांनी लहान चाकं लावली, सीटचा सगळा फोम काढून पातळ गादी बसवली, हँडल मागं ओढलं, आणि जिथं वेल्डिंग करायचं तिथं पट्ट्या टाकून बोल्ट मारले. मी बसले, पाय टेकले. चाचांनी गाडीकडं डोकं वाकडं करून बघितलं आणि म्हणाले, "अब इसको बोलते गाडी." निरीक्षकांनी तपासणीला एकेक बोल्ट हलवून बघितला आणि गाडीच्या आरसी पुस्तकात बदलाची नोंद केली.

शिकाऊ लायसन मी मधल्या दिवसांतच काढून ठेवलं होतं. भावाच्या जाण्याला दोन आठवडे उरले होते आणि पक्क्या लायसनची परीक्षा समोर होती. परीक्षेला जमिनीवर आखलेल्या इंग्रजी आठावरून गाडी फिरवायची. पाय टेकला की नापास.

मी नापास झाले.

आणि कशानं झाले ते सांगायला मला आजही लाज वाटते. माझा तोल गेला नव्हता. वळणावर वेग कमी झाला आणि माझे पाय आपोआप खाली गेले, दोन्ही, एकदम, छान सपाट टेकले. ज्या सुखासाठी एवढा खटाटोप केला, त्याची मला सवय लागली होती. जिथं थांबायची तिथं, जिथं थांबायची नाही तिथंही, मी पाय टेकवत होते. निरीक्षकांनी कागदावर फुली मारली. "आठ दिवसांनी या," ते म्हणाले.

घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "तरी म्या म्हणत हुतो." आईनं भावाची भरलेली बॅग उघडून त्यातला एक शर्ट बाहेर काढून ठेवला. त्या शर्टाकडं बघून मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडताच भाऊ मला गावातल्या शाळेच्या मैदानावर घेऊन गेला. त्यानं फक्कीनं आठ आखला. मी पंचवीस वेळा फिरले आणि पंधरा वेळा पाय टेकवले. आपल्याच पायांवर मी ओरडत होते. तिसऱ्या दिवशी अण्णा मैदानावर आले. हातात बादली होती. फाट्यावरच्या त्या दिवसापासून आम्ही दोघं कामापुरतंच बोलत होतो. त्यांनी बादलीतला शेणकाला आठाच्या दोन्ही बाजूंना, रेघेला लागून, सगळीकडं शिंपडला.

"टेक आता पाय," ते म्हणाले. "साडी तुलाच धुवायचीय."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते लेकराशी बोलल्यासारखे बोलत नव्हते. त्यांना मी पास व्हायला हवी होते. मी साडी खोचली आणि निघाले. पहिल्या फेरीला दोन्ही टाचा शेणात गेल्या, दुसरीला एक. अण्णा रोज नवा काला करून आणायचे. सहाव्या दिवशी मी सलग दहा आठ काढले आणि माझ्या चपला कोरड्या होत्या. अण्णांनी बादली उपडी केली आणि शेताकडं गेले.

दुसऱ्या परीक्षेला मी पाय उचलून आठ काढला, मग हात दाखवून वळले, मग थांबले आणि तेव्हाच टेकवले. निरीक्षक म्हणाले, "आज पाय टेकवायची घाई नव्हती."

"नव्हती साहेब."

त्यांनी सही केली. मी पायऱ्या उतरून व्हरांड्याच्या कोपऱ्यात गेले आणि तिथं भिंतीकडं तोंड करून मनसोक्त रडले. भाऊ गाडीपाशी थांबला होता, त्यानं बघून न बघितल्यासारखं केलं.

त्याला रविवारी निघायचं होतं. शुक्रवारी सकाळी मी कचेरीत जायच्या तयारीत होते, तेवढ्यात त्यानं कारखान्याचा एक फॉर्म माझ्यापुढं ठेवला. आमच्या घरातले सगळे फॉर्म मी भरते. हा मात्र त्यानं स्वतः भरला होता, कारण मी त्या दिवसांत आठावर फिरत होते. "जरा बघ बरं, काय चुकलं का," तो म्हणाला.

नाव बरोबर होतं, पत्ता बरोबर. दुसऱ्या पानावर एक तक्ता होता. कुटुंबातील अवलंबून असलेल्या व्यक्ती. पहिल्या ओळीत अण्णांचं नाव. दुसऱ्या ओळीत आईचं. तिसऱ्या ओळीत माझं नाव, नातं बहीण, वय बत्तीस.

मी टेबलावरचं पेन घेतलं आणि तिसऱ्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"कावून खोडतीस ताई?" तो घाबरला. "त्यात इमा असतोय. उद्या काय झालं तर दवाखान्याचं निघंल."

"माझा दवाखाना माझी नोकरी बघंल. खाली काय लिहिलंय वाच. खोटी माहिती आढळली तर कामावरून काढून टाकू."

"खोटी कशी?"

तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. तो पाचवीत असल्यापासून मला उचलतोय. जत्रेत, लग्नात, ओढ्याच्या पाण्यात, दवाखान्याच्या जिन्यावर. त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं, तुला जमेल का. मला त्याच्या काखेतल्या हातांचा राग यायचा. ते हात थकत असतील हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. त्या तिसऱ्या ओळीकडं बघताना ते आलं, आणि फार उशिरा आलं म्हणून मला वाईट वाटलं.

मी फॉर्म त्याच्याकडं सरकवला आणि पेन त्याच्या हातात दिलं. "खाडाखोड केली की शेजारी सही लागते. फॉर्म तुझा हाय. कर सही."

त्यानं त्या रेघेवरून एकदा बोट फिरवलं. आई दारात उभी राहून बघत होती. मग त्यानं फॉर्म गुडघ्यावर घेतला आणि माझ्या खोडलेल्या नावाशेजारी, नीट, पूर्ण सही केली. सव्वानऊ व्हायला आले होते. मी चावी घेतली आणि बाहेर पडले.